आवाज येतोय का?

यंदाच्या कोजागिरीला मंडळातली एक मैत्रीण दुधाचा पेला हातात घेऊन माझ्याजवळ येऊन बसली. तिचा इंदूरला दवाखाना आहे. दोन मजले, सहा-सात माणसं, दिवसभर धावपळ. म्हणाली, "तुमच्या केळीच्या गोदामात ते वाय-फायवाले फोन आहेत ना? कोणते घेतलेस? नुसतं नाव सांग, मी मागवून टाकते." मी सांगायला लागले. तिचं दूध संपलं, माझं निवून त्यावर साय धरली, तरी मी अजून फोनच्या नावापर्यंत पोचलेच नव्हते. शेवटी ती वैतागून म्हणाली, "अगं, फोन विचारला, पुराण नाही!" नंतर तोच प्रश्न आणखी दोघांनी विचारला, म्हणून म्हटलं लिहूनच काढावं. पुराण तर पुराण.

आमचं काम बऱ्हाणपुरात, इच्छापूर रोडच्या बाजूला. केळीचा व्यापार सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी उभा केला. आता हे आणि मी बघतो. हे बागा आणि गाड्या सांभाळतात, माझ्याकडे ऑफिस, हिशेब आणि फोन. ज्यांना बऱ्हाणपूर म्हणजे मावा जिलबी आणि मुमताज महल एवढंच ठाऊक आहे त्यांच्यासाठी सांगते, आमच्या जिल्ह्याचं खरं पोट केळीवर भरतं. तापीकाठच्या बागांतून कच्चा माल निघतो, तो बहुतेक दिल्लीकडे आणि उत्तरेत जातो. थोडा माल आम्ही इथेच पिकवतो. त्यासाठी चार रायपनिंग चेंबर आहेत, एक थंड खोली आहे, माल धुऊन कॅरेटमध्ये भरायची शेड आहे, फाटकाजवळ धरमकाटा आहे आणि शेडच्या वर ऑफिस. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेलं तर चार-पाच मिनिटं लागतात. हंगामात ती चार-पाच मिनिटं कोणाकडेच नसतात.

फोन आमच्याकडे पहाटे पाचला सुरू होतो. दिल्लीच्या आझादपूर मंडीतला व्यापारी विचारतो, गाडी कुठे पोचली. सहाला शेतकरी विचारतो, कटाईवाले कधी येणार. सातला ड्रायव्हर, आठला हम्मालांचा मुकादम, नऊला बँक. मग कधीतरी माझी आई भुसावळहून, "जेवलीस का?"

पूर्वी अण्णांच्या गादीवर एक काळा लँडलाइन फोन होता आणि त्याचीच एक तार शेडमध्ये ओढलेली होती. पुढे सगळ्यांकडे मोबाइल आले आणि ती तार उंदरांनी खाल्ली तरी कोणाला कळलं नाही. मोबाइलने सोय झाली हे खरंच. पण एक गोष्ट फार उशिरा लक्षात आली. नंबर माणसाचा होता, दुकानाचा नव्हता. एक मुनीम नोकरी सोडून गेला तेव्हा निम्म्या पार्ट्यांचे फोन त्याच्याबरोबर गेले. त्यात त्याचा काही वाईट हेतू नव्हता. लोक वर्षानुवर्षं त्याच नंबरवर बोलत होते, तसे बोलत राहिले. आणि दुसरी गोष्ट, चेंबरमध्ये मोबाइल लागतच नाही. ही मात्र सगळ्यांना माहीत होती, आणि कोणी तिचं काही केलं नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी जूनच्या शेवटी, पहिल्या पावसानंतरच्या कोंदट दिवसांत ते घडलं.

आमच्याकडे चेंबरचं काम बघणारे एक म्हातारे गृहस्थ आहेत. सगळे त्यांना चाचा म्हणतात. अण्णांच्या वेळचे. हाताने केळ दाबून आतलं तापमान अर्ध्या अंशाच्या फरकाने सांगतात. केळी कशी पिकते हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कार्बाइडवर कायद्याने बंदी आहे. चेंबरमध्ये इथिलीन वायू सोडतात, तोही हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग, त्याहून जास्त नाही. खोली सोळा ते अठरा अंशांवर ठेवायची, हवेत ओलावा भरपूर, आणि दार चोवीस तास बंद. केळं झाडावरून उतरलं तरी श्वास घेत असतं, पिकताना तर जास्तच. आतला ऑक्सिजन कमी होतो आणि कार्बन डायऑक्साइड साठतो. म्हणून दार उघडल्यावर पंखे लावून हवा बाहेर काढायची आणि मगच आत पाऊल टाकायचं, तेही एकट्याने नाही. आमच्याकडे हा नियम पाटीवर रंगवलेला होता.

त्या दिवशी शेडमध्ये दोन गाड्या एकदम लागल्या होत्या. चाचा 'फक्त दोन मिनिटं' म्हणून तीन नंबरमध्ये एकटेच शिरले. दार मागे आपोआप लागलं. आतून उघडायचा दांडा चांगला होता, पण ते मागच्या रांगेपर्यंत गेले आणि तिथे त्यांना चक्कर आली. खाली बसले. खिशातून मोबाइल काढला, तर एकही कांडी नाही. भिंतीवर हात आपटले, पण बाहेर कॉम्प्रेसरची घरघर. एका पोराला ताडपत्री हवी होती म्हणून तो चाचांना शोधत आला आणि त्याने दार उघडलं. किती वेळ गेला होता हे नक्की कोणालाच सांगता आलं नाही. कोणी दहा मिनिटं म्हणालं, कोणी वीस.

चाचांना दवाखान्यात नेलं, ऑक्सिजन लावला, संध्याकाळी ते घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळी कामावर हजर. मला म्हणाले, "बहूजी, फोन तो हाथ में था. बस, लगा नहीं." या वाक्याने मी आठवडाभर नीट झोपले नाही.

हे तर माझ्याहून घाबरले होते. त्यांनी त्याच रात्री ऑनलाइन सहा वाय-फाय फोन मागवले. दिसायला छान, लहानसे, मोबाइलसारखे, किंमतही बेताची. त्यात सिम नसतं. ऑफिसच्या वाय-फायला जोडायचे आणि इंटरनेटवरच्या एका सेवेमार्फत प्रत्येकाला तीन आकडी नंबर द्यायचा. ऑफिस १०१, काटा १०२, असं. चेंबरच्या गल्लीत भिंतीवर एक जास्तीचा राउटरही लावला. त्या दिवशी चेंबर रिकामे होते. दार लावून आतून बोलून बघितलं. आवाज बारीक, पण स्पष्ट. ह्यांनी पेढे वाटले नाहीत एवढंच.

चार दिवसांनी चेंबर भरले आणि फोन आतून मुका झाला.

बाहेरही बरं चाललेलं नव्हतं. ऑफिसमधून बोलत बोलत जिना उतरलं की आवाज तुटायचा. काट्यापर्यंत पोचेतो फोन कटलेला. कधी मला समोरच्याचं ऐकू यायचं आणि त्याला माझं नाही. दुपारी दोनपर्यंत बॅटरी संपायची. एकदा रस्ता खोदताना कोणीतरी नेटची केबल तोडली. तेव्हा तर ऑफिसमधून काट्यावर, म्हणजे खिडकीतून हाक मारली तर ऐकू जाईल अशा माणसाला फोन लागेना. कारण आमचं आपसातलं बोलणंही बाहेरच्या त्या सेवेपर्यंत जाऊन परत येत होतं!

याची किंमत लवकरच मोजावी लागली. शहापूरकडचे एक जुने शेतकरी, अण्णांशी तीस वर्षांचा व्यवहार. भाव ठरवायला त्यांनी सकाळपासून तीनदा फोन केला आणि तिन्ही वेळा मध्येच कटला. चौथ्यांदा त्यांनी केला नाही. माल दुसऱ्याला दिला. अण्णांनी आपल्या मोबाइलवरून त्यांना विचारलं तर ते म्हणाले, "अण्णा, तुमची नवी माणसं फोन आपटतात. भाव द्यायचा नसेल तर तसं सांगावं माणसाने." अण्णा ह्यांना काहीच बोलले नाहीत. जेवताना फक्त म्हणाले, "काळा फोन कधी कोणावर आपटला नव्हता." ह्यांनी अर्धी भाकरी ताटात ठेवून हात धुतले.

माझ्या नणंदेचा मुलगा इंदुरात नेटवर्किंगचं काम करतो. त्याला बोलावलं. मी सहाही फोन त्याच्यासमोर मांडून विचारलं, "यातला बिघडलेला कोणता, आणि बदलून कोणता घेऊ?" त्याने फोनला हातसुद्धा लावला नाही. "मामी, आधी तुमची हवा बघू," म्हणाला. मला वाटलं चेष्टा करतोय. पण तो खिशातून मोबाइल काढून एक ॲप उघडून तासभर आवारात फिरला. दर दहा पावलांवर थांबायचा आणि वहीत आकडा लिहायचा. सगळे आकडे उणे. उणे पन्नास म्हणजे उत्तम, उणे ऐंशी म्हणजे जवळजवळ काहीच नाही. बोलण्यासाठी, तो म्हणाला, प्रत्येक जागी उणे सदुसष्टपेक्षा खाली जाता कामा नये. आमच्या काट्यावर उणे एक्क्याऐंशी होतं. चेंबरच्या आत, दार लावल्यावर, त्याने आकडा लिहिलाच नाही. नुसती फुली मारली.

मी म्हटलं, "पण आपला प्लॅन शंभर एमबीपीएसचा आहे. अजून मोठा घेऊ का?" त्यावर त्याने जे सांगितलं ते मला पहिल्यांदा नीट कळलं, म्हणून जसं कळलं तसं सांगते.

एका बोलण्याला नेट फार थोडं लागतं, साधारण ऐंशी-नव्वद किलोबिट. शंभर एमबीपीएसमध्ये अशी कितीतरी बोलणी मावतील. अडचण रुंदीची नसते, वेळेची असते. आपला आवाज वीस मिलिसेकंदांच्या चकत्यांमध्ये कापला जातो आणि सेकंदाला पन्नास चकत्या रवाना होतात. जशा निघाल्या तशाच अंतराने त्या पोचल्या तर आवाज. काही उशिरा आल्या, काही हरवल्या, तर तो तुटका, भुतासारखा आवाज. सिनेमा बघताना चकती उशिरा आली तरी चालतं, कारण थोडा साठा आधी भरून ठेवलेला असतो. बोलण्यात साठा कुठून करणार? पुढचं वाक्य तर अजून माणसाच्या तोंडात असतं. एका बाजूचा उशीर दीडशे मिलिसेकंदांच्या आत हवा, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेचं माप आहे. त्यापुढे दोघे एकमेकांच्या वाक्यांवर चढायला लागतात आणि दोघांनाही वाटतं, समोरचा उर्मट आहे.

आमच्या चकत्या कुठे अडत होत्या? तर हम्मालांची पोरं त्याच वाय-फायवर क्रिकेट बघत होती. पासवर्ड सगळ्या गावाला पाठ. त्यात शेजारच्या दोन दुकानांचे राउटर आमच्याच चॅनेलवर. जुन्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच, एक, सहा आणि अकरा. सगळे सहावरच बसले होते. बाजारच्या दिवशी सगळ्यांनी एकाच बोळातून जावं तसं.

आणि जिन्यावर फोन तुटायचा त्याचं कारण आणखी वेगळं. चालता चालता फोनने एका राउटरचा हात सोडून दुसऱ्याचा धरायला हवा. खंडवा-अकोला छोट्या लाइनवरून प्रवास केलेल्यांना गाडी न थांबता ड्रायव्हर स्टेशनमास्तरच्या हातून रिंग उचलायचा ते आठवत असेल. तसं. आमचे स्वस्त फोन पहिल्या राउटरला शेवटच्या श्वासापर्यंत चिकटून राहायचे आणि मग दुसऱ्याकडे जाऊन नव्याने ओळख पटवायचे. तोवर शहापूरचे काका रागावलेले. ही अदलाबदल पटकन व्हावी म्हणून ८०२.११ आर नावाची सोय असते. ती फोनमध्येही लागते आणि भिंतीवरच्या यंत्रातही. एकातच असून उपयोग नाही.

चेंबरचं कोडं त्याने शेवटी सोडवलं. चेंबरची भिंत म्हणजे फोम आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पत्रा. रेडिओ लहरींच्या दृष्टीने तो बंद डबाच. रिकाम्या डब्यात दाराच्या फटीतून शिरलेली थोडीशी लहर पत्र्यांवर आपटत आपटत कोपऱ्यापर्यंत जायची, म्हणून पहिल्या दिवशी बोलणं झालं. पण भरलेल्या चेंबरमध्ये टनावारी केळी. केळ्याचा तीन चतुर्थांश भाग पाणी, आणि पाणी या लहरी शोषून घेतं. थोडक्यात, आम्ही फोन तपासला तो चुकीच्या दिवशी. ज्याला कोणाला गोदामासाठी, भरलेल्या दुकानासाठी फोन घ्यायचे असतील त्याने एवढं एकच लक्षात ठेवलं तरी माझं लिहिणं कामी आलं. तपासणी गर्दीच्या दिवशी, भरल्या मालात, सगळी यंत्रं चालू असताना करायची. रविवारी सगळेच फोन उत्तम चालतात.

संध्याकाळी अण्णांना हे सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. मग भाच्याला म्हणाले, "तू कुंडी भंडारा बघितलाय का रे? लहानपणी मी दाखवला होता." बाहेरच्यांसाठी सांगते, लालबागच्या बाजूला जमिनीत विहिरींसारख्या गोल कुंड्यांची रांग आहे. खानखाना अब्दुर्रहीम इथे होता तेव्हा, १६१५ साली, तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकाराने ती रचली. सातपुड्यातून तापीकडे झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यात अडवलं आणि नुसत्या उतारावर शहरापर्यंत आणलं. ना पंप, ना मोट. वरून आपल्याला फक्त कुंडीचं तोंड दिसतं. अण्णा म्हणाले, "लोक कुंडीत वाकून बघतात आणि म्हणतात, काय सुंदर कुंडी आहे. अरे, कुंडीत काय आहे? काम सगळं खाली आहे. तुम्ही सहा कुंड्या विकत आणल्या आणि बोगदा खणलाच नाही." ह्यांना त्या दिवशी पहिल्यांदा हसू आलं.

मग बोगदा खणला. त्याची हकीकत लवकर संपवते, कारण त्यात बरीचशी धूळ आणि ड्रिल मशीनच आहे. प्रत्येक ठिकाणी केबल ओढली. घरगुती राउटर काढून छताला ॲक्सेस पॉइंट लावले आणि सगळे एकाच कारभाऱ्याखाली आणले. बोलण्यासाठी वेगळं नेटवर्क केलं, त्याचा पासवर्ड फक्त फोनना माहीत. हम्मालांच्या पोरांचं क्रिकेट वेगळ्या नेटवर्कवर आहे. बंद नाही केलं, दुपारच्या सुट्टीत ते त्यांना लागतंच. रस्त्यावर रुग्णवाहिकेला वाट देतात तशी आवाजाच्या चकत्यांना आधी वाट मिळेल असं यंत्राला सांगितलं. या ॲक्सेस पॉइंटना वीजही त्याच केबलमधून जाते, म्हणून स्विच आणि एक्स्चेंजच्या पेटीला एकच यूपीएस लावला की वीज गेल्यावरही सगळं चालू राहतं. हे विसरू नका. जुना काळा फोन वीज गेली तरी वाजायचा, कारण त्याची वीज एक्स्चेंजमधून तारेतूनच यायची. वाय-फाय फोन स्वतःच्या बॅटरीवर जिवंत दिसतो, पण राउटर मेला की तो नुसता टॉर्च.

एक्स्चेंजची पेटी आम्ही ऑफिसातच ठेवली. त्यामुळे नेट तुटलं तरी ऑफिस, काटा, शेड आपसात बोलू शकतात. अण्णांचा जुना लँडलाइन नंबरही एका लहान डबीने त्याच पेटीला जोडला. कॅरेटवर, पावतीपुस्तकावर, मंडीच्या भिंतीवर तोच नंबर आहे. तो वाजला की आता सगळीकडे वाजतो आणि जो मोकळा असेल तो उचलतो. बाहेरच्या इतर फोनसाठी परवाना असलेल्या कंपनीकडूनच इंटरनेट लाइन घेतली. आपल्या देशात इंटरनेटवरून बोलायला परवानगी मिळाली तीच मुळी एप्रिल २००२ मध्ये, आणि साध्या नंबरवर फोन लावायचा तर मध्ये परवानाधारक कंपनी लागते. कोणी फुकट मिनिटांचं आमिष दाखवलं तर हात जोडावेत.

आता फोन. भाच्याने मला तीन वाटा सांगितल्या होत्या. पहिली, कर्मचाऱ्यांच्या मोबाइलमध्येच वाय-फाय कॉलिंग सुरू करायचं. मोठ्या कंपन्यांनी ही सोय आपल्याकडे २०१९ च्या डिसेंबरपासून आणली आहे. छोट्या दुकानाला हे पुरेसं आहे, पैसेही वेगळे पडत नाहीत, पण नंबर पुन्हा माणसाचाच राहतो. दुसरी, डेक्ट जातीचे कॉर्डलेस. ते वाय-फायच्या गर्दीत येतच नाहीत, त्यांचा पट्टा वेगळा. बॅटरी जास्त टिकते, आवाज स्वच्छ. पण त्यांचे बेस वेगळे बसवावे लागतात. दोन मजल्यांच्या दवाखान्याला, जिथे बोलण्यापलीकडे वाय-फायचं काही काम नाही, मी आज डोळे झाकून हेच सांगेन. तिसरी, चांगले वाय-फाय फोन. आमच्याकडे चेंबरचे तापमापक, कॅमेरे, काट्याचं बिल, सगळ्यांनाच वाय-फाय लागणार होतं. मग एकाच बोगद्यातून सगळं पाणी नेलेलं बरं, म्हणून आम्ही ही वाट घेतली.

ग्रँडस्ट्रीम, यीलिंक, बडोद्याची मॅट्रिक्स, अशी नावं कानावर पडली. आम्ही दोन वेगवेगळ्या बनावटींचे एकेक फोन आठ दिवसांसाठी मागून आणले आणि ज्यांनी ते वापरायचे त्यांच्याच हातात दिले. माझा अंदाज आणि त्यांचा निवाडा अजिबात जुळला नाही. मला मोठ्या स्क्रीनचा आवडला होता. शेडमधल्या बायकांनी तो पहिल्याच दिवशी परत केला. केळीचा चीक! हाताला चीक आणि पाणी लागलेलं असताना स्क्रीन बोट ओळखतच नाही. त्यांना बटणांचा हवा होता, बटण दाबलं की 'टक' वाजणारा. काट्यावरच्या माणसाला घंटी मोठी हवी होती, बाकी काही नको. चाचांनी फोन ओट्यावरून खाली टाकून बघितला. मुद्दाम. दुकानदाराला मी हे सांगितलं नाही. बॅटरी काढता येते का, हा प्रश्न मुकादमाने विचारला, आणि तोच सगळ्यात शहाणा प्रश्न निघाला. जास्तीच्या बॅटऱ्या चार्ज करून ठेवल्या की दुपारी दोनची रड संपते. आणि चार्जिंगचं स्टँड प्रत्येकाच्या टेबलावर नाही, फाटकाजवळ एकाच फळीवर ठेवलं. घरी जाताना फोन तिथे लावल्याशिवाय हजेरीवहीत सही नाही.

चेंबरसाठी मात्र भाच्याने मला स्पष्ट सांगितलं. "मामी, यंत्र मी बाहेर गल्लीत ठेवतो आणि भिंतीला भोक पाडून फक्त अँटेना आत घालतो. भोक सिलिकॉनने बंद करू. आतून फोन लागेल. पण जिवाची गोष्ट फोनवर सोडू नका. चक्कर आलेला माणूस तीन आकडे दाबत बसत नाही." म्हणून प्रत्येक चेंबरमध्ये दोन ठिकाणी, दाराजवळ आणि अगदी मागे, गुडघ्याच्या उंचीवर लाल बटण बसवलं. खाली बसलेल्या माणसाचा हात पोचेल असं. त्याची साधी तार बाहेरच्या भोंग्याला जोडली, बॅटरीसकट. ना वाय-फाय, ना एक्स्चेंज. सगळ्या खर्चात सर्वांत स्वस्त वस्तू तीच होती. आणि नियमाची पाटी पुन्हा रंगवली. आता दाराशी दुसरा माणूस उभा असल्याशिवाय कुलपाची किल्लीच मिळत नाही. हे काम मी स्वतः घेतलं आहे. किल्ली माझ्या कमरेला असते.

शहापूरच्या काकांकडे अण्णा आणि हे दोघे जाऊन आले. फोनचं काय झालं होतं ते ह्यांनी सांगायचा प्रयत्न केला, चकत्या वगैरे. काकांना त्यातलं किती कळलं देव जाणे. पण पुढच्या कटाईला त्यांनी काळ्या फोनच्या नंबरवर फोन केला. तो मी शेडमध्ये उचलला आणि बोलत बोलत जिना चढून ऑफिसात जाऊन भाव बघून सांगितला. मध्ये कुठेच तुटला नाही. मी एवढी खूश झाले होते की भाव किलोमागे चार आणे जास्तच सांगितला गेला. ह्यांनी नंतर ऐकवलं.

ते पहिले सहा फोन अजून आहेत. दोन मुलांनी खेळात मोडले. एक सासूबाईंच्या उशाशी असतो, त्यात गजर चांगला वाजतो म्हणून. उरलेले ह्यांच्या कपाटात खालच्या खणात आहेत, आणि तो खण मी उघडत नाही.

रोज सकाळी साडेसहाला पंखे चालू होतात. अर्ध्या तासाने चाचा पहिल्या चेंबरमध्ये जातात, दाराशी एक पोरगा उभा असतो. मागच्या भिंतीपर्यंत जाऊन ते १०१ लावतात. मी तेव्हा ऑफिसात चहा घेत असते. "बहूजी, आवाज आ रही है?" "आ रही है, चाचा." मग लाल बटण दाबतात आणि भोंगा अख्ख्या आवाराला ऐकू जातो. शेजारच्या दुकानदाराने एकदा तक्रार केली होती. आता तो त्यावर घड्याळ लावतो. मग दोन नंबर, मग तीन. तीन नंबरमधून बोलताना चाचा थोडं जास्त वेळ बोलतात. माल कसा आहे, कोणत्या रांगेला अजून एक दिवस लागेल, काल नातू शाळेत काय म्हणाला. मी ऐकत बसते. चहा निवतो.